मेन बंद करून बघा

"काका, आधी घरी जा. मेन बंद करा आणि खाली येऊन मीटर बघा. दिवा लुकलुकायचा थांबला, तर वीज तुम्हीच वापरताय. नाही थांबला, तर आमच्याकडे या."

तक्रारीच्या खिडकीतल्या मुलीने हे मान वर न करता सांगितलं आणि मीटरकाका जागच्या जागी गार पडले. कारण ते वाक्य त्यांचंच होतं. याच वीज कचेरीत एकतीस वर्षं मीटर वाचण्याची नोकरी करताना त्यांनी ते हजारो दारांत उभं राहून ऐकवलं होतं. तेव्हा मीटरमध्ये दिवा नव्हता, चकती फिरायची, एवढाच काय तो फरक. लोक बिल नाचवत अंगावर यायचे, मीटर पळतोय म्हणून बोंब मारायचे, आणि काका शांतपणे म्हणायचे, "आधी मेन बंद करून बघा." दहातले नऊ जण पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. कुणाचा पंप रात्रंदिवस चालू सापडायचा, तर कुणाचा जावई पाहुणा म्हणून आलेला असायचा आणि दिवसाला चार शर्ट इस्त्री करायचा. मीटर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं काकांचं ठाम मत होतं.

"मी इथंच होतो," ते म्हणाले. "रीडिंगला. एकतीस वर्षं."

मुलीने आता कुठे वर बघितलं. "अय्या, मग तुम्हाला मी काय सांगणार! तुम्ही केलंच असेल हे."

"हो हो. केलंय ना."

धडधडीत खोटं. सदुसष्टाव्या वर्षी, आपल्याच कचेरीत, नातीच्या वयाच्या मुलीसमोर. काकांचे कान तापले.

"मग थांबला का दिवा?"

"तेवढं जरा... नीट दिसलं नाही. चष्मा नव्हता."

"मग पुन्हा बघा आणि उद्या या. शनिवारी अर्धा दिवस असतो बरं का," ती म्हणाली आणि मागच्या माणसाकडे वळली.

बिलाची चार घड्यांची घडी करून काकांनी ती शर्टाच्या खिशात घातली आणि चालत घरी निघाले. बस होती, पण घरी लवकर पोचायची त्यांना अजिबात घाई नव्हती.

भानगड अशी होती. बायको गेल्यापासून दोन वर्षं काका तिसऱ्या मजल्यावरच्या सात नंबरच्या घरात एकटे राहत होते. आणि गेले दोन महिने त्यांचं विजेचं बिल तिप्पट येत होतं. एकट्या माणसाचं! बिल भरायची त्यांची लेक, फोनवरून, दुसऱ्या गावात बसून. ती रुग्णालयात नर्स होती आणि तीही म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. पहिल्या महिन्यात ती काही बोलली नाही. दुसऱ्या महिन्यात तिने विचारलं, "बाबा, गिझर चालू राहतोय का हो?" एरवी ही मुलगी तोंडाची फटकळ. त्या दिवशी मात्र अगदी मऊ आवाजात बोलली. रुग्णांशी ती याच आवाजात बोलत असणार, हे त्यांना लगेच कळलं.

आणि तिला कारणही होतं. मागच्या खेपेला ती आली होती तेव्हा सकाळी लावलेला गिझर दुपारी चार वाजता चालूच सापडला होता. लावला कुणी? काकांनी. आठवतंय का? नाही. तेव्हापासून त्यांनी बाथरूमच्या दारावर कागद चिकटवला होता: गिझर. बाहेरच्या दारावर दुसरा: गिझर पाहिला का? तरीही बिल तिप्पट.

रविवारी ती येणार होती. सोमवारी ती त्यांना तिच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेणार होती. आणि त्यानंतर काय, ते ती बोलली नव्हती, पण हे घर भाड्याने द्यायची चौकशी तिने केली होती, हे शेजारून कळलं होतं. तिची माया होती म्हणून तर सगळं अवघड झालं होतं. हिडीसफिडीस केली असती तर काकांना भांडता तरी आलं असतं.

डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला डॉक्टर म्हणे कागदावर घड्याळ काढायला सांगतात. अकराला दहा कमी दाखवा म्हणतात. काकांनी जुन्या बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूला आत्तापर्यंत चौदा घड्याळं काढली होती. आयुष्यभर तबकड्या वाचलेला माणूस, एकेक घड्याळ असं आलं होतं की भिंतीवर टांगावं. पण त्याने मनाची तगमग काही कमी झाली नव्हती.

कारण दुसरी एक गोष्ट त्यांनी लेकीलाही सांगितली नव्हती. मीटर वाचून वाचून त्यांना घरं वाचता यायला लागली होती. आकडा बघून ते सांगत, इथं नवी सून आली, इथं बाळ झालं, इथला मुलगा शिकायला बाहेर गेला. आणि माणूस गेलं की आकडा उतरतोच, त्याला अपवाद नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र ती गेली आणि आकडा जिथल्या तिथे राहिला. म्हणजे तेव्हापासूनच आपण काही ना काही चालू ठेवत असणार, असं त्यांनी स्वतःशी कबूल करून टाकलं होतं. आवाज असावा म्हणून टीव्ही दिवसभर लावलेला असायचाच.

मग मेन बंद करून बघायला काय झालं होतं? झालं एवढंच होतं की काका घाबरले होते. दिवा थांबला की विषय संपला. मीटर खोटं बोलत नाही. जोवर बघितलं नव्हतं तोवर थोडी जागा होती, आणि त्या जागेत काका दोन महिने कसेबसे राहत होते.

इमारतीच्या दारातच बाई भेटल्या. बाई म्हणजे आठ नंबरच्या, काकांच्या समोरच्या दारातल्या. शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची आणि त्यांच्यासमोर सरळ उभी राहायची. हातात औषधांची पिशवी होती.

"काय मीटरकाका, कचेरीत? बिल कमी केलं का त्यांनी?"

"बघतो म्हणाले."

"अहो, काटकसर अंगात असावी लागते. आमच्याकडे बघा. नात सात आठवडे आधी झाली, डॉक्टर म्हणाले खोली गरम हवी, म्हणून हीटर चोवीस तास सुरू आहे. आणि बिल? शंभर युनिटसुद्धा नाही! सगळे दिवे बदलून घेतले मी."

नुसते दिवे बदलून हीटर फुकट चालत नाही, हे काकांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बाईंचा मीटर बंद पडत चाललाय, असं त्यांच्या मनात आलं. पण बोलले नाहीत. कळवलं तर कचेरीवाले येणार, दंडाचं बोलणार, आणि घरात तान्हं पोर. शिवाय आपल्या डोक्याचाच भरवसा नाही तिथे दुसऱ्याचे मीटर कशाला तपासा?

"बाळ कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"वाढतंय हो हळूहळू," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातली शाळा क्षणभर सुटली.

घरात शिरल्यावर काका पाणी प्यायले. टीव्ही लावला, बंद केला. गिझर पाहिला, बंद होता. पुन्हा पाहिला. मग ते मेन स्विचसमोर जाऊन उभे राहिले. परवा रविवार. उद्या कचेरीचा अर्धा दिवस. आज नाही तर मग लेकीसमोरच बघायचं, आणि ते त्यांच्याने झालं नसतं. जे व्हायचं ते एकट्याने पाहून घेऊ, असं म्हणून त्यांनी खटका खाली ओढला.

फ्रिज हुंकार देऊन थांबला. पंखा रेंगाळत थांबला. घर इतकं गप्प झालं की काकांनी घाईघाईने दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागले. अठ्ठेचाळीस पायऱ्या. जिन्याखाली मीटरचं कपाट होतं. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि सात नंबरकडे बघितलं.

लाल दिवा लुकलुकत होता. नुसता लुकलुकत नव्हता, धावत होता.

काकांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच खालच्या पायरीवर बसले आणि एकटेच हसायला लागले. पहिल्या मजल्यावरून कुणीतरी "कोण आहे रे?" म्हणून ओरडलं. "मी आहे, मी!" काका ओरडले. "मी नाहीये, मी!" दोन महिन्यांनी त्यांना नीट श्वास घेता येत होता. गिझर नाही, टीव्ही नाही, आपलं डोकं नाही! घरात वीज नाही आणि मीटर पळतोय. एकतीस वर्षांत दहातला जो एक परत यायचा, तो आज आपण झालो याचा त्यांना केवढा आनंद झाला.

मग त्यांच्यातला मीटर वाचणारा जागा झाला. वीज आपण नाही वापरत, तर मग कोण वापरतंय? त्यांनी ओळीने सगळे दिवे बघितले. कुणी सावकाश, कुणी भराभर, सगळे आपापल्या चालीने लुकलुकत होते. एक सोडून. आठ नंबर ठप्प.

काका वर गेले, मेन चालू केलं, खाली आले. आठ नंबर लुकलुकायला लागला होता. पुन्हा वर गेले, मेन बंद केलं, पुन्हा खाली. आठ ठप्प. गुडघे बोंबलत होते, पण काकांना ते ऐकायला वेळ नव्हता.

मीटरखालच्या लाकडी फळीवर पांढऱ्या ऑइलपेंटने घरांचे आकडे काढलेले होते. ऐटबाज आकडे. सातला मोठं झोकदार वळण, आठच्या रेघेला डौल. ते काकांच्या हातचे होते.

बावीस वर्षांपूर्वी इमारत नवी होती, माणसं नवी होती, आणि घराघरांत एकच कौतुक होतं की आपल्यात एक मीटरवाला माणूस आहे. मीटरखाली नंबर टाका हो, तुमच्याशिवाय कोण टाकणार! काकांनी रविवारी सकाळी ब्रश हातात घेतला. बायको रंगाचा डबा धरून शेजारी उभी होती. ती म्हणाली होती, "अहो, मी वर जाऊन एकेकाचं मेन बंद करायला सांगते ना. तुम्ही इथून बघा, कुठला थांबतो ते. एकदा तपासून तरी घ्या."

आणि काका म्हणाले होते, "अठरा वर्षं मीटर वाचतोय मी. मला शिकवतेस?"

जिना चढून गेलं की सात डावीकडे, आठ उजवीकडे. म्हणून त्यांनी कपाटातही डावीकडे सात आणि उजवीकडे आठ काढला. कपाटाचं तोंड जिन्याच्या उलट्या बाजूला आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. पुढे कचेरीने जुने मीटर काढून नवे बसवले, ते या आकड्यांवरूनच. जगाला तपासायला सांगणाऱ्या माणसाने स्वतःचं तेवढं तपासलं नाही. तेव्हा दोन्ही घरांत माणसं सारखी, खर्च सारखा; पुढे कमीजास्त झालं तेही हळूहळू. कुणाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं.

म्हणजे आज डोकं ठिकाणावर होतं. नव्हतं ते बावीस वर्षांपूर्वी, ऐन उमेदीत, सगळे हुशार म्हणत होते तेव्हा! काकांना पुन्हा हसू आलं. आणि मग ते अर्ध्यावरच थांबलं, कारण आता हे बाईंना सांगायला हवं होतं. पळणारा मीटर बाईंचा होता. तो हीटर होता. आपण शहाणे ठरायचं, तर त्या पोरीच्या उबेचं ओझं बाईंच्या डोक्यावर टाकायचं. गप्प राहायचं, तर रविवारी लेकीला काय दाखवायचं? काका जिन्यात थोडा वेळ उभे राहिले. मग वर गेले आणि त्यांनी आठ नंबरची कडी वाजवली.

आतल्या खोलीच्या दारात बाईंची मुलगी तोंडावर बोट ठेवून उभी होती. बाळ नुकतंच झोपलं होतं. काकांनी कुजबुजतच सगळं सांगितलं. गणित सोडवून झाल्यावर तपासावं तशा बाई काकांकडे बघत राहिल्या.

"म्हणजे बावीस वर्षं तुमचं बिल मी भरतेय आणि माझं तुम्ही."

"हो."

"आणि माझी काटकसर?"

काका चाचरले. "ती... आमच्या घरची आहे, बाई. घरात कुणी नाही ना, त्याची आहे ती."

बाई उठल्या. त्या रागावून आत गेल्या असं काकांना वाटलं, पण त्या कपाटातून एक जाड फाइल घेऊन आल्या. बावीस वर्षांची बिलं, महिन्यांप्रमाणे लावलेली, प्रत्येकावर लाल पेनाने युनिटचा आकडा. त्यांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि फाइल काकांच्या मांडीवर ठेवली.

"हे बघा. दोन वर्षांपूर्वीचं. हे कोडं मला कधीच सुटलं नव्हतं. घरात मी एकटी, आणि बिल एकदम असं वर गेलं. मी तुमच्याकडेच येणार होते विचारायला. दारापर्यंत आले होते. आतून ते ऑक्सिजनचं मशीन ऐकू आलं. म्हटलं, या माणसाला आत्ता बिलाचं काय विचारायचं? आणि परत फिरले."

काकांनी बोट ठेवून वाचलं. एकशे ऐंशी. एकशे पंच्याऐंशी. चारशे दहा. चारशे पंचावन्न. चारशे साठ. दोनशे तीस. एकसष्ट.

एकसष्ट.

त्या दिवसांत काकांनी बिलं उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. मशीन दिवसाचे चोवीस तास घुरघुरायचं, आणि ते थांबू नये एवढंच त्यांना कळायचं. कुठल्याही परक्या घराचा हा कागद हातात आला असता तर त्यांनी सांगितलं असतं, इथं कुणीतरी आजारी होतं, इथं महिन्याच्या मध्यावर ते संपलं. आकडा उतरला होता. उतरायला हवा तसाच उतरला होता. तो फक्त समोरच्या घरात, बाईंच्या फाइलमध्ये, लाल पेनाने लिहून ठेवलेला होता. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही.

"तुम्ही भरलंत हे सगळं," ते म्हणाले.

"आणि तुम्ही हीटरचं भरलंत. झाली फिटंफाट." बाईंनी फाइल बंद केली. "अर्ज मी लिहून देते. तुमचं अक्षर चांगलं आहे, पण शुद्धलेखन बघवत नाही."

"पुढच्या महिन्यापासून तुमचं तुम्हाला यायला लागेल, बाई. पण हीटर बंद करू नका."

"बंद करते कशाला? तीन किलोची झालीय ती," बाई म्हणाल्या. "येऊ दे बिल."

रविवारी लेक आली. दारावरचे कागद तिने वाचले, पिशवी खाली ठेवली आणि गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. ती नर्स होती; ऐकलेल्यावर तिचा विश्वास नव्हता. तिने स्वतः मेन बंद केलं, स्वतः खाली गेली, आणि धापा टाकत वर आली ती काकांच्या गळ्यातच पडली.

"मला किती भीती वाटली होती माहितीय का तुम्हाला?" ती आता नेहमीच्या फटकळ आवाजात ओरडत होती, आणि काकांना तो आवाज फार बरा वाटत होता. "दोन महिने झोप नाही मला! आणि तुम्ही साधं मेन बंद करून बघत नाही? जगाला सांगत फिरलात ना?"

"भीती मलाही वाटत होती," काका म्हणाले. "उद्या डॉक्टरकडे जाऊ हवं तर. गिझर राहिला होता, ते खरंच आहे. घड्याळ मी छान काढतो."

त्यांनी तिला चौदाही घड्याळं दाखवली. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. घराच्या भाड्याचं कुणीच काही बोललं नाही.

दुपारी काका ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन खाली गेले. जुने सात आणि आठ त्यांनी पात्याने खरवडून काढले होते; बाकीच्या घरांचे आकडेही आता एकेक करून तपासायचे होते. अर्जाचं काम कचेरीत होईल तेव्हा होईल, फळीवर तरी आजच बरोबर असायला हवं होतं. लेक वर थांबली होती.

"मी सांगितलं की बंद कर गं!" त्यांनी जिन्यातून हाक मारली.

"सांगा!"

"कर बंद!"

"केलं, बाबा!"

उजवीकडच्या मीटरचा दिवा थांबला. बावीस वर्षांपूर्वी चकती अशीच थांबली असती. वरून असाच आवाज आला असता, केलं हो, बघा आता. काका हातात ओला ब्रश धरून त्या थांबलेल्या दिव्याकडे बघत राहिले.

"दिसलं का, बाबा?"

"दिसलं," काका म्हणाले. "लाव आता."

दिवा लुकलुकला. थांबून, पुन्हा एकदा लुकलुकला, एका माणसाच्या घराचा लुकलुकतो तसा सावकाश. काकांनी ब्रश रंगात बुडवला आणि त्याच्याखाली जपून सात काढायला घेतला.